नावेला मोठं इंजिन बसवताना: आधी मागची फळी, मग हॉर्सपॉवर

कल्लोळ-यडूर पूल पाण्याखाली गेला की आमच्याकडे, चिकोडी-निपाणी भागात, पावसाळा खरा सुरू झाला असं धरतात. मग कारदगा-भोज, जत्राट-भिवशी, मलिकवाड-दत्तवाड असे एकेक पूल बुडत जातात आणि काठावरच्या गावांना नावेची आठवण येते. आमची नाव फायबरची, चौदा फुटी, मागं पंधरा हॉर्सपॉवरचं ओबीएम, म्हणजे बाहेर टांगायचं इंजिन. एका श्रावणात आम्ही सहाजण तिच्यात बसून कृष्णेच्या धारेच्या उलट निघालो. इंजिन पूर्ण पिळलेलं, नाळ, म्हणजे पुढचं टोक, आभाळाकडे, मागची कड पाण्याला टेकायला आलेली, आणि काठावरची बाभूळ जिथल्या तिथं. पाच मिनिटं मी त्या एकाच बाभळीकडे बघत होतो.

काठाला लागल्या लागल्या दाजी म्हणाले, “चाळीसचं घालूया की. एकदाच काय तो खर्च.”

मलाही तेच वाटत होतं. पण पुढं दिवाळीपासून शिमग्यापर्यंत मोजमापं घेत बसलो आणि लक्षात आलं, की चाळीसचं घातलं असतं तर पहिल्याच पुरात, इंजिन जिच्यावर टांगतात ती मागची फळी इंजिनासकट नदीला अर्पण झाली असती. शेवटी तीसचं बसलं आणि नाव धावली. ते कसं जमलं, ते क्रमानं सांगतो. हे सगळं बाहेर टांगायच्या पेट्रोल इंजिनाबद्दल, म्हणजे ओबीएमबद्दल आहे. नावेच्या पोटात डिझेल इंजिन असेल तर तो संसार वेगळा.

नाव कोणत्या जातीची, ते आधी बघा

गोल तळाची, दोन्हीकडं निमुळती, जुन्या लाकडी घाटणीची नाव पाणी कापत नाही, बाजूला सारत जाते. अशा नावेच्या वेगाला तिची लांबीच आडवी येते. पाण्यातल्या लांबीचं फुटांतलं वर्गमूळ काढायचं, त्याला १.३४ नं गुणायचं, की नॉटमध्ये कमाल वेग येतो. चौदा फुटांचं वर्गमूळ ३.७४, म्हणजे पाच नॉट, ताशी नऊ किलोमीटरच्या आसपास. त्यापुढं पन्नासचं इंजिन लावा नाहीतर शंभरचं, नाव फक्त मागं बसते आणि पेट्रोल पिते. अशी नाव असेल तर हा लेख इथंच ठेवा, पैसे वाचले.

तळ मागच्या बाजूला सपाट किंवा उथळ ‘व्ही’सारखा असेल आणि मागची कड धारदार असेल, तर ती नाव वेग आला की पाण्यावर चढते आणि घसरत धावते. मोठ्या इंजिनाचा उपयोग तिलाच. पण चढायच्या आधी एक कुबड ओलांडावं लागतं. नाळ वर, बूड खाली, आवाज मोठा, वेग नाही. आमची बाभूळ हलत नव्हती ती यामुळं. आम्ही कुबडाच्या अलीकडेच अडकलो होतो.

किती हॉर्सपॉवर पेलेल?

चांगल्या कारखान्याची नाव असेल तर आत एक पत्रा ठोकलेला असतो. त्यावर जास्तीत जास्त हॉर्सपॉवर, माणसं आणि वजन लिहिलेलं असतं. तो आकडा ओलांडू नका. आमच्या नावेवरचा पत्रा तीन वेळच्या रंगाखाली गेला होता आणि खरवडून काढला तेव्हा अक्षरंही रंगासोबत निघाली.

पत्रा नसेल तर अमेरिकेतल्या छोट्या बोटींच्या नियमाचं गणित कामाला येतं. ते आपल्याकडचं कायद्याचं बंधन नाही, पण अंदाजाला पक्कं आहे. नावेची लांबी फुटांत, गुणिले मागच्या फळीची रुंदी फुटांत. आमची १४ गुणिले ५, म्हणजे ७०. दांडा हातात धरून चालवायची नाव असेल आणि तळ सपाट असेल, तर या आकड्याची निमपट करून १५ वजा करा: आमच्यासारख्या मापाला २०. तळ सपाट नसेल तर ०.८ नं गुणून २५ वजा करा: ३१, तो पुढच्या पाचाच्या पटीत नेला की ३५. स्टिअरिंगचं चाक असेल आणि मागची फळी २० इंच उंच असेल, तरच दुप्पट करून ९० वजा करता येतात आणि उत्तर ५० येतं. हे गणित गुणाकार ५२ च्या वर गेला तरच लावायचं, त्याहून लहान नावांना पंधराच्या आतलंच इंजिन ठीक.

आमच्याकडं दांडा, तळ सपाट नाही, आणि फळी १५ इंची. म्हणजे पस्तीस ही शेवटची पायरी. दाजींचं चाळीस इथंच बाद झालं, पण त्यांना गणित पटलं नाही. त्यांना पटलं ते साखरेच्या पोत्यानं.

त्याआधी आणखी एक हिशेब. लांबी गुणिले नावेची सगळ्यात जास्त रुंदी, भागिले १५, इतकी माणसं. आमची साडेपाच फूट रुंद, म्हणजे ७७ भागिले १५, पाच माणसं. आम्ही बसत होतो सहा. म्हणजे निम्मा दोष इंजिनाचा नव्हताच. इंजिन मोठं केल्यानं नावेत एकही माणूस जास्त बसत नाही, उलट इंजिनाचं वाढीव वजन माणसांच्या वाट्यातूनच जातं. ८ ऑगस्ट २०१९ ला वरच्या अंगाला, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरात नाव उलटली आणि माणसं गेली. तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त लोक होते. पुरात कुणाला ‘उतर’ म्हणणं किती अवघड असतं ते काठावर राहणाऱ्याला सांगायला नको. म्हणून आकडा आधीच ठरवून नावेच्या आत रंगानं मोठा लिहून ठेवा.

साखरेचं पोतं

पंधराचं टू-स्ट्रोक इंजिन साधारण ३६ किलोचं असतं. तीसचं टू-स्ट्रोक पन्नास-पंचावन्न किलोत येतं. चाळीसचं टू-स्ट्रोक सत्तर-पंचाहत्तर किलो आणि चाळीसचं फोर-स्ट्रोक पंचाण्णव ते शंभर किलो. शिवाय सेल्फ-स्टार्ट असेल तर बॅटरी आली.

हे वजन नावेच्या शेवटच्या टोकावर लटकतं, म्हणून कागदावर वीस किलो दिसणारा फरक पाण्यात फार मोठा असतो. तो विकत घेण्याआधी बघता येतो. आपल्याकडं कारखान्यांची कमी नाही, पन्नास किलोचं साखरेचं पोतं कुणाच्याही घरी मिळेल. नाव शांत पाण्यात घ्या. जुनं इंजिन जागेवर, टाकी भरलेली, चालवणारा त्याच्या जागी बसलेला, आणि मागच्या फळीला टेकून ते पोतं. आता उतरून बघा: पाण्यापासून फळीच्या माथ्यापर्यंत किती बोटं उरली, आणि पाणी निचरायचं भोक वर आहे की बुडालं.

आमचं भोक बुडालं. पोतं काढून वीस किलो तांदूळ ठेवले तर भोक दोन बोटं वर राहिलं. दाजी पाण्यात कमरेइतके उभे राहून हे बघत होते. “तीसचंच बघ मग,” एवढंच म्हणाले.

वजनाचा थोडा तोल सावरता येतो. टाकी आणि बॅटरी मागून काढून मधल्या बाकाखाली नेली की बूड बरंच उचलतं. पण फक्त तोल सावरतो, वजन कुठं जात नाही.

मागची फळी: इथं घाई नको

इंजिन ढकलतं पाण्यातल्या पंख्यापाशी (प्रोपेलर), म्हणजे फळीच्या माथ्यापासून दीड-दोन फूट खाली. त्यामुळं जोर दिला की फळीचा खालचा भाग पुढं रेटला जातो आणि माथा मागं खेचला जातो, पहारीनं दगड उपटावा तसा. हॉर्सपॉवर दुप्पट केली की हा पीळही जवळपास दुप्पट. बाहेरून फायबरची दिसणारी फळी आत बहुतेक वेळा प्लायवूडची असते. जुन्या इंजिनाच्या बोल्टच्या भोकांतून पाणी झिरपतं आणि आतलं लाकूड वर्षानुवर्षं कुजत राहतं, बाहेरून चकचकीत.

तपासायची पद्धत साधी. रबरी हातोडीनं सगळीकडं टिचक्या मारत जा. घट्ट जागी आवाज कोरडा आणि टणक येतो, कुजक्या जागी भोपळ्यासारखा बद्द. मग इंजिन आडवं करून खालचा भाग धरा, वरखाली हलवा, आणि दुसऱ्याला फळीकडं बघायला सांगा. फळी श्वास घेतल्यासारखी हलली तर संशय पक्का. शेवटी आतल्या बाजूनं, खाली, सहा मिलिमीटरचं एक भोक पाडा आणि ड्रिलवर काय येतं ते बघा.

आमच्या भोकातून आधी पांढरा फायबरचा भुगा आला, मग तपकिरी, मग काळसर लगदा. हातात घेतला तर ओला, आणि वास निपाणीच्या वखारीत पावसात भिजलेल्या तंबाखूसारखा. ड्रिल काढल्यावर भोकातून एक थेंब आला, मग दुसरा, आणि मग बारीक धार लागली. नाव तीन महिने कोरड्यावर होती तरी.

अशा फळीवर लोखंडी पट्टी मारून इंजिन टांगणारे पुष्कळ आहेत. बेळगावच्या उद्यमबागेत सांगाल ती प्लेट तासाभरात कापून मिळते म्हणून तो मोह होतो. करू नका. कुजक्या लाकडाला पट्टी म्हणजे किडक्या दातावर सोन्याची टोपी.

दुरुस्ती अशी. आतल्या बाजूचं फायबर कडेला तीन-चार इंच सोडून कापून काढायचं, बाहेरची कातडी तशीच ठेवायची. कुजलेलं प्लाय छिन्नीनं कोरडं लाकूड लागेपर्यंत, आणि नाहीच लागलं तर सगळं काढायचं. नवीन प्लाय घेताना त्यावर आयएस ७१० चा शिक्का बघा, ते मरीन प्लाय. आयएस ३०३ वालं फर्निचरचं, नावेला नको. १९ मिलिमीटरचे दोन तुकडे एकमेकांना इपॉक्सीनं चिकटवले की ३८ मिलिमीटरची जाड फळी होते. ती बाहेरच्या कातडीला इपॉक्सीनंच बसवा. जुन्या फायबरवर इपॉक्सीची पकड साध्या पॉलिस्टर रेझिनपेक्षा चांगली येते. वर काचेच्या कापडाचे थर द्या, पहिला लहान, पुढचा त्याहून मोठा, आणि शेवटचे थर नावेच्या तळावर आणि दोन्ही बाजूंवर चांगले वीतभर चढवा. फळीचा पीळ तळाला आणि बाजूंना वाटून जायला हवा, त्यासाठीच हे.

हे काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्येच उरका. पावसाळी हवेत रेझिन चिकट राहतं, आणि घाईनं बसवलेलं इंजिन त्या चिकटपणाचा सूड घेतं.

बोल्टच्या भोकांची एक युक्ती. बोल्टपेक्षा मोठं भोक पाडायचं, ते दाट इपॉक्सीनं पूर्ण भरायचं, वाळलं की मधोमध बोल्टच्या मापाचं भोक पुन्हा पाडायचं. मग पाणी झिरपलं तरी लाकडापर्यंत पोचत नाही. आमच्या जुन्या फळीला कुणी हे केलं असतं तर माझा एक उन्हाळा वाचला असता.

इंजिन निवडताना

शाफ्टची लांबी चुकली तर बाकी सगळं बरोबर असून उपयोग नाही. १५ इंची फळीला शॉर्ट शाफ्ट, २० इंचीला लाँग. स्वस्त मिळालं म्हणून शॉर्ट फळीवर लाँग शाफ्ट टांगलं, की पंखा पाच इंच जास्त खोल. आमच्या नदीत ते पाच इंच म्हणजे वाळू.

टू-स्ट्रोक हलकं, उचलायला सोपं, दणकट, कुठल्याही खेड्यात खोलून बांधता येणारं. फोर-स्ट्रोक जड आणि महाग, पण शांत आणि कमी पिणारं: पूर्ण वेगात चाळीसचं फोर-स्ट्रोक तासाला पंधरा लिटरच्या आसपास जाळतं, टू-स्ट्रोक त्याहून बरंच जास्त. रोज चालणाऱ्या पर्यटनाच्या नावेला मी फोर-स्ट्रोकच सांगेन. वर्षातून पंधरा दिवस पुरात चालणाऱ्या आणि ट्रॅक्टरमधून न्यायच्या नावेला टू-स्ट्रोक.

जुनं घेत असाल तर ते बहुतेक गोव्याकडून किंवा कारवारकडून येतं, म्हणजे खाऱ्या पाण्यातलं. मी एकदा फसलोय. रंग नवा, आवाज गोड, पण इंजिन थंड करणाऱ्या पाण्याच्या वाटा आतून मिठानं बंद झालेल्या. सुरू केल्यावर मागच्या बारीक भोकातून पाण्याची जी धार पडते ती शेळीच्या धारेएवढी होती. विकणारा म्हणाला, “चालायला लागलं की वाढते.” वाढली नाही. दहाव्या मिनिटाला इंजिन तापून थांबलं. तेव्हापासून तीन गोष्टी बघितल्याशिवाय पैसे देत नाही. धार पेन्सिलीएवढी आणि सलग हवी. सगळ्या सिलिंडरांचं कॉम्प्रेशन एकमेकांच्या दहा टक्क्यांत हवं. आणि गिअरचं तेल काढून बघायचं, दुधाळ असेल तर सील गेलेलं. इंजिन कोरडं कधीच सुरू करू देऊ नका. पाण्याच्या पंपाचं रबरी चक्र काही सेकंदांत जळतं, निदान पाण्याच्या पिंपात बुडवून तरी सुरू करा.

बसवताना

फळीचा मध्य दोन्ही कोपऱ्यांपासून मोजून काढा आणि नाळेपासून दोरी ताणून ताडून बघा. पंख्याच्या वर जी आडवी सपाट पाती असते, ती नावेच्या तळाच्या रेषेत किंवा फार तर इंचभर वर यायला हवी. तळाला सरळ पट्टी लावून मागं नेली की लगेच दिसतं. फार खाली बसलं तर पाण्याचा अडथळा, फार वर बसलं तर वळणावर पंखा हवा खातो आणि इंजिन एकदम किंचाळतं.

तीसच्या इंजिनाला शिकंजे असतात, पण केवळ त्यांच्यावर भरवसा ठेवू नका. फळीतून आरपार स्टेनलेसचे बोल्ट घ्या, आत मोठे वॉशर किंवा पट्टी द्या, आणि भोकांत मरीन पॉलियुरेथेन सीलंट भरा. बाथरूमचा सिलिकॉन चालत नाही. इंजिनाला एक साखळीही बांधून ठेवा.

पेट्रोलची नळी जुन्या इंजिनाचीच ठेवली तर मोठं इंजिन पूर्ण वेगात उपाशी राहतं, पुस्तकात दिलेल्या मापाची नवी घाला. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते पाणी ओढतं आणि साठवून ठेवलं की पाणी तळाशी वेगळं होतं. म्हणून पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा आणि टाकी महिनोन्‌महिने भरून ठेवू नका. टू-स्ट्रोकला तेल टीसी-डब्ल्यू३ हवं, मोटारसायकलचं टू-टी नाही. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिलिलिटर. नवीन इंजिनाला पहिले दहा तास बहुतेक ठिकाणी दुप्पट तेल सांगतात, तुमच्या पुस्तकात बघा. आणि इंजिन बंद करणारी लाल दोरी मनगटाला बांधल्याशिवाय दांड्याला हात लावू नका. पंधराच्या इंजिनानं न झटकलेला माणूस तीसच्या वळणावर पाण्यात जातो.

पंखा

इंजिन बदललं, फळी बांधली, आणि पंखा मात्र डब्यात आला तोच ठेवला, इथं पुष्कळांचे पैसे वाया जातात. पंख्यावर दोन आकडे असतात, व्यास आणि पिच. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा लोण्यात स्क्रूसारखा किती इंच पुढं जाईल ते. पिच जास्त म्हणजे वरचा गिअर, कमी म्हणजे खालचा.

पहिले दहा तास नरमाईनं काढल्यावर चाचणी घ्या. नेहमीचं वजन भरा, आम्ही पाच माणसं घेतली. स्पार्क प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा आरपीएम (मिनिटाचे फेरे) मीटर मिळतो तो लावा, वेग मोबाइलच्या जीपीएसवर बघा. धारेच्या बाजूनं एकदा, उलट एकदा, आणि सरासरी काढा. आमच्या इंजिनाच्या पुस्तकात पूर्ण वेगाची कक्षा ४५०० ते ५५०० होती. मीटर ४३०० च्या पुढं जाईना. इंजिन घुसमटत होतं, आणि असं घुसमटत चाललेलं इंजिन लवकर मरतं.

पिच एक इंच कमी केलं की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. तेराचा पंखा काढून अकराचा घातला, मीटर ४७०० वर गेला. दोघंच असताना तो ५२०० ला जातो, म्हणजे दोन्हीकडून कक्षेत. आता कागदावरच्या वेगाचा हिशेब: ४७०० भागिले गिअरचं प्रमाण १.८५, गुणिले ११, गुणिले ०.००१५२४ (मिनिटाला इंच याचे ताशी किलोमीटर करायचा आकडा), उत्तर ताशी ४२ किलोमीटरच्या वर. जीपीएसवर दिसले ३१. मधला पाव हिस्सा पंखा पाण्यात घसरण्यात जातो, भरलेल्या नावेला तेवढं चालतं. हलक्या नावेला दहा-वीस टक्के घसरण पुरे, त्याहून जास्त असेल तर इंजिनाची उंची किंवा पंख्याची पाती बघा.

शिकंज्याखालची, इंजिनाचा कल ठरवणारी खीळ मधल्या भोकात ठेवून सुरुवात करा. नाळ उचललेलीच राहिली तर एक भोक आत, नाळ पाण्यात घुसायला लागली तर एक भोक बाहेर.

आणखी एक, जे किनाऱ्यावरचे मेकॅनिक सांगत नाहीत कारण त्यांना लागत नाही. साधं इंजिन दर ३०० मीटर उंचीला सुमारे तीन टक्के ताकद गमावतं. आमची कृष्णा समुद्रापासून पाचशे मीटरच्या वर आहे. हिडकलचं धरण भरलं की पाणी २१७५ फुटांवर, म्हणजे ६६३ मीटरवर येतं. तिथं तीसचं इंजिन अठ्ठावीसचंच असतं. गोव्यात जो पंखा बरोबर चालला तो इथं एक इंच जड पडतो.

कागद

१९१७ चा जुना कायदा गेला, आता अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ आहे. यांत्रिक नावेची नोंदणी आणि तपासणी लागते, आणि इंजिन बदललं की ते कळवून नोंद बदलून घ्यायची असते. इंजिनाचा नंबर आणि बिल जपून ठेवा. या कायद्याची आमच्यासारख्यांना एक सोय आहे: एका राज्यातली नोंदणी दुसऱ्या राज्यातही चालते. नदी सकाळी महाराष्ट्रात आणि दुपारी कर्नाटकात असते तिथं हे बरं. अर्ज कन्नडमध्ये होता, तो पुतणीनं भरला, ती शाळेत तिन्ही भाषा शिकते. हिडकल किंवा नविलुतीर्थच्या पाण्यात नाव घालायची तर जलाशयाची परवानगी वेगळी. राकसकोपचा विचारही नको, ते बेळगावचं पिण्याचं पाणी आहे.

पहिल्या वीस तासांनंतर

बोल्ट पुन्हा आवळा, नवी फळी थोडी दबलेली असते. फळी आणि तळ जिथं मिळतात त्या कोपऱ्यात बॅटरी मारून बघा. केसासारखी रेघ दिसली तर नाव काढा, रंग देऊन झाकू नका. गढूळ पाण्यातून आल्यावर इंजिन पिंपातल्या स्वच्छ पाण्यात दहा मिनिटं चालवा. पुराच्या गाळानं पंपाचं रबरी चक्र झिजतं, पावसाळा संपला की ते बदला, महाग नसतं.

बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला, जिथं पाणी कोसळून मागं वळतं, तिथं तीस काय नि साठ काय, कुठलंच इंजिन नाव बाहेर काढत नाही. आणि उन्हाळ्यात जॅकवेलच्या फूट-व्हॉल्वच्या, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपांच्या टोकांच्या, जागा आधी शेतकऱ्यांना विचारून घ्या. पाइपाला पंखा लागला तर नुकसान दोघांचं, आणि भांडण नुसतं तुमचं.

शेवटी पंखा काढा. त्याच्या मागं शाफ्टवर मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉन दोरा गुंडाळलेला सापडतो, दरवेळी. आम्हाला पहिल्याच वेळी हातभर निघाला. तो सील कापतो, सीलमधून पाणी गिअरात जातं, आणि तेल दुधाळ होतं. दोरा काढा, शाफ्टला ग्रीस लावा, नवी कॉटर पिन घाला.